ब्रेक दाबल्यावर पुढचं चाक काय सांगतं

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या घरापासून अंबरनाथच्या एमआयडीसीपर्यंत मी गेली अनेक वर्षं मोटरसायकलने जातो. वाटेत स्पीडब्रेकर, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे. दोन पावसाळ्यांपूर्वी गाडीला खोड लागली: पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली 'टक्'. ती शोधताना जे शिकलो, ते इथे लिहितो.

१. आवाज ब्रेकमुळे होतो, म्हणून दोष ब्रेकचाच असेल असं नाही. मी आधी डिस्क पॅड बदलले, मग डिस्कही बदलली. पैसे गेले, आवाज राहिला. शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी ब्रेककडे पाहिलंही नाही. "भाऊ, गाडी मधल्या स्टँडवर घ्या," म्हणाले. पुढचं चाक अधांतरी झाल्यावर त्यांनी दोन्ही शॉकअप खालून धरून पुढेमागे ओढले. टक्! कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, सैल होता. ब्रेक दाबला की भार पुढे येतो आणि ही ढिलाई नेमकी तेव्हाच आवाज करते.

२. हँडल हळू फिरवून पाहा. चाक अधांतरी असताना हँडल एका बोटाने डावी-उजवीकडे न्या. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडलं, तर कोनसेटच्या वाट्यांना बॉलनी खड्डे पाडले आहेत. मग नट आवळून भागत नाही, पूर्ण सेट बदलावा लागतो. प्रमाणाबाहेर आवळलं तर हँडल जड होतं आणि गाडी सरळ रस्त्यावरही डोलते.

३. 'टक्' वेगळं, धडधड वेगळी. ब्रेक धरतानाच एकदा टक् झालं, तर आधी कोनसेट पाहावा. चाकाच्या फेऱ्यांबरोबर लिव्हर बोटांना सारखी ढकलत राहिली, तर डिस्क वाकडी असण्याचा संशय घ्यावा. एबीएसच्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर लिव्हर थरथरते, ते मात्र बिघाडाचं लक्षण नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे.

४. शॉकअपच्या पाइपवर बोट फिरवा. पाइपवर तेलाचं ओलं कडं दिसलं, तर ऑइल सील गेलं. माझ्या पाइपला उडालेल्या खडीने नखात अडकेल एवढा ओरखडा पाडला होता. तो तसाच ठेवून नवं सील बसवलं आणि तेही फाटलं. हे तेल ओघळत कॅलिपरवर येतं. तेल प्यायलेले पॅड घासून वापरू नका, नवेच टाका.

५. ब्रेक मारताच पुढचा भाग धपकन बसतो? शॉकअपचं तेल कमी किंवा जुनं झालं असेल. दोन्ही बाजूंना कंपनीच्या पुस्तकात दिलंय तेवढंच, त्याच ग्रेडचं तेल हवं. अंदाजाने ओतू नये.

६. लिव्हर स्पंजासारखी लागली, तर ब्रेकच्या पाइपात हवा आहे. हवा काढून घ्यावी. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. ऑइल डॉट ३ ग्रेडचं हवं की डॉट ४, हे त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

७. चाक काढलं असेल तेव्हा ब्रेक दाबू नका. दाबला तर पिस्टन बाहेर येतात. चाक बसवल्यावर ब्रेक धरून गाडी पुढून चारदा दाबा, शॉकअप सरळ बसतात. मगच एक्सलचा चिमटा-बोल्ट आवळा. निघण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबून घ्या.

आता दर महिन्याला एका रविवारी सकाळी मी गाडी मधल्या स्टँडवर घेतो, हँडल फिरवतो, पाइप पुसतो, लिव्हर दाबतो. दहा मिनिटं लागतात. सोमवारी समोर अचानक रिक्षा थांबते, तेव्हा गाडी वेळेत थांबणार की नाही, हे त्या दहा मिनिटांत ठरलेलं असतं.