गावची धावण्याची शर्यत

१ मे हा महाराष्ट्र दिन. १९६० साली याच दिवशी आपले राज्य झाले. सुटी असते, गावात शर्यत ठेवता येते. पण मे महिना उन्हाचा. म्हणून शर्यत दिवस उगवताच घ्यावी. भाषणे मागाहून. भाषणाला मंडपाची सावली असते!

रस्ता मोजायला सायकल पुरे. चाकाला खडूने खूण करावी. एका फेऱ्यात चाक २ मीटर गेले, तर ५ किलोमीटरला २५०० फेरे होतात. मोजायला दोघे हवेत. एकटा गडी बोलण्याच्या नादात आकडा विसरतो.

आता वहीचे काम. आम्हाला तेच मोठे वाटते. मंडळी, ही वही तुम्ही धरा. नाव आणि आकडा तुम्हाला आता लिहिता येतो. धावणाऱ्याला नंबर द्यावा, वहीत नाव लिहावे. तो परत आला की नावापुढे खूण करावी. पहिला कोण आला, ते सारा गाव बघतो. मागे कोण राहिला, ते वहीत कळते. खूण नसेल तर सायकलवाला लगेच धाडावा. पोरगा चक्कर येऊन पडला असेल, बरळत असेल, तर त्याला सावलीत न्यावे. अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. १०८ नंबरला फोन लावावा.

सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या, की मग बक्षिसे वाटावीत.