चार अक्षरे आणि माझी एक चूक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रेणवीय जीवशास्त्रावर लिहावे, हे वाचून विज्ञान शाखेतील मित्र हसतील. दहावीनंतर या विषयाशी माझा संबंध सुटला होता. तो पुन्हा जुळला बोरिवली-अंधेरी लोकलमध्ये, मोबाईलवरील एका खेळामुळे.

खेळाचे नाव ‘एटर्ना’. अमेरिकेतील कार्नेगी मेलन व स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनी तो २०११ च्या सुमारास सुरू केला. पडद्यावर आरएनए या रेणूची माळ दिसते. तिच्यात चार प्रकारचे मणी : पिवळा ए, निळा यू, तांबडा जी, हिरवा सी. ए ची जोडी यू शी, जी ची सी शी. जी-यू अशी सैल जोडीही चालते. मण्यांचे रंग बदलून माळ ठरावीक आकारात दुमडेल असे करायचे. जी-सी जोडीत तीन हायड्रोजन बंध, ए-यू मध्ये दोन. म्हणून पहिलीची पकड घट्ट. हे मी पाठ केले नाही, हरता हरता उमगले.

खेळाडूंच्या रचना प्रयोगशाळेत खरोखर तयार करून तपासल्या जात. ३७,००० हौशी लोकांच्या या उद्योगातून निघालेले नियम तेव्हाच्या संगणकीय पद्धतींपेक्षा सरस ठरले, असा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. मला तर वाटले, आता विषय आपल्याला आला!

पुढे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी सिकलसेल रोगावर तक्ता करण्याचे काम माझ्याकडे आले. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतील आदिवासींमध्ये हा रोग बराच आढळतो. त्याचे मूळ एका अक्षराच्या बदलात : आरएनएमध्ये जीएजी ऐवजी जीयूजी. मी ऐटीत वेडीवाकडी माळ काढली आणि खाली लिहिले, ‘माळेचा आकार बिघडतो, म्हणून रोग होतो.’ सरांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, “हा तुझ्या खेळातला रोग झाला. ग्रंथालयात जा.”

पुस्तकात त्याच अक्षरांचे दुसरे वाचन सापडले. प्रथिन बनवताना पेशी तीन-तीन अक्षरांचा एक शब्द वाचते. असे ६४ शब्द. ६१ शब्द २० अमिनो आम्लांचे, ३ पूर्णविरामाचे. जीएजी म्हणजे ग्लुटामिक आम्ल, जीयूजी म्हणजे व्हॅलिन. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी हा फरक पडतो. व्हॅलिन पाण्याला टाळते. त्यामुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब धागे होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. बिघाड माळेच्या आकारात नव्हे, तिच्या अर्थात होता.

खेळाला मी दोष देत नाही. त्याच्यावाचून मी ते पुस्तक उघडलेच नसते. पण खेळ त्याच्या नियमांपुरते शिकवतो; त्या नियमांबाहेर काय राहिले, हे तो सांगत नाही.

तक्ता मी पुन्हा केला. या वेळी शेवटची ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली : आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारात एक, म्हणून लग्नाआधी रक्त तपासून घ्या.