सुटलेली शाळा

मुलांनो, घरच्या अडचणींमुळे तुमच्या आपाची किंवा भाईजानची शाळा सुटली आहे का? मग हा धडा त्यांना वाचून दाखवा.

केंद्र सरकारने १९८९ साली मुक्त शाळा सुरू केली. तिचे आजचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान. घरी अभ्यास करून तिची दहावीची परीक्षा देता येते. वय किमान १४ वर्षे हवे. उर्दू माध्यमही आहे. पाच विषयांत प्रत्येकी ३३ टक्के गुण हवेत. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येते. उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. म्हणून आधी सोपे दोन विषय घ्यावेत. रोज तासभर उत्तरे लिहून पाहावीत.

आपा म्हणेल, "आता या वयात?" तेव्हा वाद घालू नका. तिच्या शेजारी आपले दप्तर उघडून बसा.