राष्ट्रध्वजावरील चक्र : नवदीक्षित कुटुंबांसाठी पाठ



15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला आपली मुले शाळेतून झेंडावंदन करून घरी येतात. "झेंड्यावरचे निळे चक्र कशाचे?" असे त्यांनी विचारले, तर आई-वडिलांना नीट उत्तर देता आले पाहिजे.

ध्वज कसा ठरला?

1931 साली काँग्रेसने केशरी, पांढरा व हिरवा असा तिरंगा स्वीकारला. त्याच्या मध्यभागी चरखा होता. जून 1947 मध्ये राष्ट्रध्वज ठरविण्यासाठी समिती नेमण्यात आली. डॉ. राजेंद्र प्रसाद तिचे अध्यक्ष होते आणि परमपूज्य बाबासाहेब एक सभासद होते. 22 जुलै 1947 रोजी पंडित नेहरूंनी मांडलेला ध्वजाचा ठराव संविधान सभेने मंजूर केला.

चक्र चरख्याचे द्योतक आहे, असे ठरावात म्हटले आहे. परंतु त्याची आकृती सारनाथच्या अशोककालीन सिंहशीर्षावरील चक्राची असावी, हेही तेथेच स्पष्ट आहे. चरख्याचे चित्र ध्वजाच्या एका बाजूने सुलट, तर दुसऱ्या बाजूने उलट दिसते. चक्र दोन्हीकडून सारखेच दिसते. नेहरूंनी सभेत ही अडचणही सांगितली होती. म्हणून "तो नुसता चरखा" म्हणणारा अर्धेच सांगतो आणि "चरख्याचा संबंधच नाही" म्हणणाराही अर्धेच सांगतो. आपण पूर्ण सत्य सांगावे.

चक्राचे मूळ

सारनाथ म्हणजे प्राचीन इसिपतन. तेथे भगवान बुद्धांनी पंचवर्गीय भिक्खूंना पहिला उपदेश केला, तेच धम्मचक्रप्रवर्तन. त्याच भूमीवर सम्राट अशोकाने स्तंभ उभारला. त्याचे सिंहशीर्ष 1905 च्या सुमारास उत्खननात सापडले. सिंहांच्या पायाखालील पट्टीवर चार चक्रे आहेत आणि प्रत्येकाला 24 आरे आहेत.

24 आऱ्यांचे अर्थ लोक निरनिराळे सांगतात. कोणी दिवसाचे 24 तास म्हणतात. कित्येक बौद्ध उपासक प्रतीत्यसमुत्पादाची 12 निदाने अनुलोम व प्रतिलोम क्रमाने मोजतात. ही विवरणे आहेत. ठरावात आऱ्यांचा अर्थ दिलेला नाही.

आपण काय घ्यावे?

चक्र म्हणजे गती. धम्म पोथीत बांधून ठेवायचा नसतो, तो आचरणात फिरता ठेवायचा असतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. तो दिवस आपण धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून पाळतो, तो याच अर्थाने. ज्या गावात चावडीवर हे चक्र फडकते, पण विहिरीवर माणसाची जात विचारली जाते, तेथे वंदन हाताने झाले, मनाने नाही. आणि आपल्याच वस्तीत पोटजातीचा भेद उरला असेल, तर हाच सवाल आपल्यालाही आहे.

घरी विचारावयाचे प्रश्न

1. ध्वजावरील चक्राची आकृती कोठून घेतली?
2. ध्वज समितीत बाबासाहेब होते काय?
3. आपल्या घरातील कोणता भेद आज सोडता येईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांनी प्रथम द्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!