क्यू घेण्यापूर्वी

चि. ओंकार,


तू पाठवलेले तिन्ही क्यूंचे फोटो पाहिले. ८.५ मिलीमीटर टिपवाला तुझ्या मनात भरलाय, कारण बारीक टिपने साइडची फिरकी जास्त लागते असं दुकानदाराने सांगितलं. ते आधी डोक्यातून काढून टाक.

बॉलला टिप प्रत्यक्ष लागते ती जेमतेम दोन-तीन मिलीमीटर जागेत. स्नूकरची ९.५ ची टिप असो की पूलची १३ ची, यात फार फरक पडत नाही. फिरकी ठरते ती तू बॉलच्या मध्यापासून किती लांब मारतोस त्यावर. आपला बॉल ५२.५ मिलीमीटरचा, मध्यापासून साधारण १३ मिलीमीटरच्या पलीकडे गेलास की चॉक कितीही घास, टिप घसरणारच. तिथपर्यंत पोचवण्याची करामत चामड्याची आणि चॉकची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या मँगो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने क्यूच्या टोकाला चामडं बसवलं, तेव्हा कुठे साइड आणि स्क्रू हुकमी मारता येऊ लागले. म्हणून टिपच्या रुंदीइतकंच तिच्या गोलाईकडे बघ. रुपयाचं नाणं उभं धरून टिपला लावून पाहा, कडा जुळली की पुरे.

बारीक टोकाचे फायदे आहेत, पण ते वेगळे. उजवी साइड लावून मारलंस की क्यू-बॉल आधी किंचित डावीकडे सरकतो. शाफ्टच्या टोकाकडे वजन कमी असेल तर हे सरकणं कमी होतं. शिवाय बॉलवर नेमकं कुठे लागणार ते नीट दिसतं. मात्र बारीक टिपची गोलाई टोकदार असते, आणि ती जितकी टोकदार तितकी हाताची चूक बॉलवर जास्त उमटते. तुझा हात अजून बसायचाय. त्यात तू स्नूकरबरोबर बिलियर्ड्सही खेळतोस. कॅनन आणि इन-ऑफ सलग करत राहायचे तर क्यू-बॉलवरचा फटका भरीव लागतो, आणि तिथे जरा जाड टिप साथ देते. माझं ऐकशील तर १० चाच घे. पुढे वाटलं तर चांगल्या कारागिराकडून ९.५ करून घेता येईल, ८.५ चा १० मात्र कोणी करून देणार नाही.

शाफ्ट ॲशचा की मेपलचा, यावर क्लबात तास-तास वाद चालतात. मला ॲश आवडतो. त्याच्या रेषांचे बाणासारखे टोकदार आकार वरच्या बाजूला दिसत राहिले की क्यू दर वेळी त्याच बाजूने हातात येतो. मेपल गुळगुळीत, त्यावर अशी खूण सापडत नाही. तरी लाकडापेक्षा उताराकडे लक्ष दे. टिपपासून वीतभर मागे शाफ्ट किती जाड होतो ते बोटांच्या ब्रिजमधून मागेपुढे करून पाहा. फार झपाट्याने जाड होत असेल तर पुढे ढकलताना बोटं उघडतात आणि नेम हलतो. दोन क्यूंची टिप सारखी असूनही एक हाताला का बसत नाही, त्याचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

सरळ आहे का ते टेबलावर गडगडवून ठरवू नकोस. पुष्कळ क्यूंचा बट एका बाजूने सपाट केलेला असतो, त्यामुळे चांगला क्यूही उड्या मारतो. बटकडून एक डोळा मिटून टोकाकडे बघ आणि क्यू हळूहळू फिरव.

आणखी एक, आणि हे अगदी कळकळीने सांगतो. पावसाळ्यात शाफ्ट हाताला चिकटायला लागला की मुलं सँडपेपर उचलतात. प्रत्येक घासण्याने लाकूड झिजतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत १० चा शाफ्ट पितळी फेरूलच्या मागे कमरेत बारीक होऊन बसतो. तू घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने घास, तेवढं पुरतं. टिप बदलताना क्लबातल्या मार्करच्या शेजारी उभा राहा. फेरूलबाहेर आलेलं चामडं तेवढंच कापलं जायला हवं, फेरूलला आणि लाकडाला पातं लागता कामा नये.

दुकानात जाशील तेव्हा व्हर्नियर बरोबर ने. डब्यावर लिहिलेला आकडा आणि टोकाची खरी रुंदी जुळतेच असं नाही. मोजलेले आकडे कळव, मग पैसे दे. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा