वरच्या खोलीतला धूर

अगं, लाकडाचा स्टोव्ह पेटतो खाली दिवाणखान्यात आणि वास येतो वर बाळाच्या खोलीत, शिवाय तळघरात कपड्यांच्या ड्रायरपाशीही, हे तू परवा फोनवर सांगितलंस तेव्हाच ठरवलं की नीट बसून लिहायचं. तुझे अहो म्हणतात, 'जुनं घर आहे, वास यायचाच.' त्यांना सांग, घर जुनं असलं तरी धुराने चिमणीतूनच जायला हवं. मॅसॅच्युसेट्समध्ये तुमच्या घराहून दुप्पट वयाची घरं आहेत आणि त्यांच्या झोपायच्या खोल्यांना धुराचा वास येत नाही.

धुराआधी एक दुसरी गोष्ट. धूर नाकाला कळतो, डोळ्यांना झोंबतो. त्याच वाटेने येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. आणि तो जास्त त्रास देतो रात्री. जाळ संपून नुसते निखारे उरतात, चिमणी गार होते, तिची ओढ मंदावते, आणि घर झोपलेलं असतं. म्हणून प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर त्याचा अलार्म हवा. आहेत म्हणालीस, पण काढून मागची तारीख बघ. या अलार्मना आयुष्य असतं, बहुतेक पाच ते दहा वर्षं. आधीच्या मालकाने लावलेले असतील तर ते भिंतीवरची शोभा असू शकतात. घरातल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर फ्लू समजू नकोस. अलार्म वाजला तर बाळाला उचलून सरळ बाहेर, आणि मग ९११. 'एवढ्याशासाठी बंब कशाला बोलवायचा' हा आपला संकोच अशा वेळी जिवावर बेततो.

आता मूळ भानगड. तुझ्या घरात एक नाही, दोन भानगडी आहेत असा माझा संशय आहे, आणि त्यातली तळघरातली सोपी आहे.

थंडीत घरातली गरम हवा वर चढते आणि माळ्यावरच्या फटींतून, वरच्या खिडक्यांतून निसटते. गेली तेवढी हवा खालच्या मजल्यावर बाहेरून आत यावीच लागते. ती कुठून येईल? जिथून सोपं पडेल तिथून. तू नोव्हेंबरात सगळ्या खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलंस, दाराखाली पट्ट्या लावल्यास. बिल कमी झालं, छान झालं, पण हवेच्या वाटाही बुजल्या. आपल्या आजोळी चूल दिवसभर धुमसायची, तरी कौलांच्या फटीफटीतून धूर निघून जायचा, कारण ते घर सगळीकडून श्वास घ्यायचं. तुझं घर आता घेत नाही. त्यात तळघरात ड्रायर सुरू झाला की तो मिनिटाला दीडशे-दोनशे घनफूट हवा बाहेर फेकतो. त्या हवेची भरपाई करायला सगळ्यात मोठं उघडं भोक कोणतं? तुझ्या तळघरातली ती जुनी, कधी न पेटणारी शेकोटी. तिचं नळकांडं आणि वरच्या स्टोव्हचं नळकांडं एकाच विटांच्या चिमणीत शेजारी शेजारी आहेत. स्टोव्हचा धूर एकातून वर जातो आणि छपरावरून लगेच दुसऱ्यातून खाली ओढला जातो. घरात धूर 'गळत' नाहीये, घर तो ओढून घेतंय.

हे काही नवं नाही. बेंजामिन फ्रँकलिन १७८५ मध्ये फ्रान्सहून अमेरिकेला परतत होता, तेव्हा जहाजावर बसून त्याने व्हिएन्नातल्या आपल्या डॉक्टर मित्राला, यान इंगेनहाउसला, धुरकट चिमण्यांवर भलंमोठं पत्र लिहिलं. त्यात त्याने नऊ कारणं दिली आहेत. पहिलंच कारण म्हणजे घट्ट बंद केलेली खोली, जिथे हवा आत यायला वाट नाही. आणि आठवं हुबेहूब तुझं: ज्या खोलीत विस्तवच नाही, तिथे शेजारच्या चिमणीचा धूर वरून उतरतो. समुद्रावर त्याला दुसरा उद्योग नव्हता म्हण, पण दोनशे चाळीस वर्षांत ही यादी फारशी शिळी झालेली नाही.

तपासायला खर्च नाही. स्टोव्ह विझलेला असताना ड्रायर लाव, दारं-खिडक्या बंद ठेव, आणि तळघरातल्या शेकोटीच्या तोंडाशी उदबत्ती धर. धूर शेकोटीत शिरला तर ठीक. तुझ्या तोंडावर आला तर समज की हवा तिथूनच आत येतेय. मग तळघराची खिडकी बोटभर उघड आणि पुन्हा बघ. हाच खेळ स्वयंपाकघरातला हूड लावून कर. हो, तुझा तो मोठा हूड! फोडणी करताना तू तो पूर्ण जोरात लावतेस, आणि धुराची तक्रार 'बहुतेक संध्याकाळी' असते असं तूच म्हणालीस. असल्या हूडवर सहाशे घनफूट किंवा त्याहून मोठा आकडा लिहिलेला असतो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना-नियमांतसुद्धा चारशेच्या पुढच्या हूडला, घरात असा जळणारा स्टोव्ह असेल तर, बाहेरची हवा आत घेण्याची सोय करावी असं म्हटलंय. तोवर फोडणीच्या वेळी स्टोव्हच्याच मजल्यावरची खिडकी थोडी उघड. वरची नको. वास आला म्हणून आपण धावत जाऊन वरच्या मजल्यावरची खिडकी उघडतो, आणि तिथून गरम हवा आणखी जोरात बाहेर पडून खालची ओढ वाढते.

तळघरातली शेकोटी वापरायची नसेल तर तिचं नळकांडं माणूस बोलावून वरून झाकून घ्यायचं. पण आधी खात्री कर की बॉयलरचा धूर त्याच नळकांड्यातून जात नाही. तेलावर चालणाऱ्या बॉयलरची वाट चुकून बुजवलीस तर धुरापेक्षा फार वाईट प्रसंग ओढवेल. आणि उदबत्तीचा धूर बॉयलरच्या पाइपाजवळ उलटा आला, तर बॉयलरवाल्याला त्याच दिवशी फोन.

आता बाळाची खोली. इथे मी थट्टा करणार नाही.

धूर तिथे दोन-तीन वाटांनी येऊ शकतो. एक म्हणजे खालीच थोडा थोडा निसटून जिन्याने वर चढणं. खाली बसणाऱ्यांच्या नाकाला सवय होते आणि वर पाऊल टाकणाऱ्याला तो जाणवतो. त्यासाठी स्टोव्हचं दार बघ. दाराभोवतीची दोरीसारखी गॅस्केट म्हणजे कुकरची रिंग समज, कडक झाली की वाफ सोडते. थंड स्टोव्हच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लाव आणि ओढ. सहज सुटून आली तर तिथे रिंग गेली. मग पाइपाचे सांधे. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू हवेत, आणि पाइपाचं चुण्या पाडलेलं टोक खाली, स्टोव्हच्या दिशेला हवं, म्हणजे आतला चिकट डांबरी रस बाहेर न ओघळता आतच राहतो. छपरावरच्या टोपीची जाळीही अंगणातून दुर्बिणीने बघून घे. काळी, बुजलेली दिसली तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

आणि लाकूड. 'सीझन केलेलं' म्हणून विकलेलं लाकूड कितीदा ओलंच असतं. स्वस्तातला ओलावा मोजायचा मीटर घे, ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचून बघ. वीस टक्क्यांच्या वर असेल तर ते पुढच्या वर्षीचं सरपण. ओक तर दोन-दोन वर्षं वाळवावा लागतो. ओलं लाकूड जाळ देत नाही, धूर देतं, चिमणी गार ठेवतं आणि आत क्रिओसोटचे थर चढवतं. एखाद्या रात्री तेच थर पेट घेतात.

दुसरी वाट भिंतीतली, आणि माझी भीती हीच आहे. बाळाच्या खोलीतून ती चिमणी वर जाते ना? पूर्वी अशा घरांत खोलीखोलीत छोटे स्टोव्ह असत, त्यांचे पाइप चिमणीला भोक पाडून जोडलेले. पुढे स्टोव्ह गेले, भोकांवर पत्र्याची गोल ताटली बसवली आणि वरून वॉलपेपर. त्या भिंतीवर हात फिरव, टकटक कर. गोल उंचवटा, पोकळ आवाज, पिवळट-तपकिरी डाग, स्टोव्ह पेटलेला असताना हाताला गरम लागणारी जागा, यातलं काहीही सापडलं तर थांब. त्या पत्र्यामागे स्टोव्हचं नळकांडं असू शकतं, आणि बाळाचा पाळणा आणि तो धूर यांच्यात नुसता पत्रा असू शकतो. असं भोक विटा-गिलाव्याने पक्कं बुजवायचं असतं. सिलिकॉन, चिकटपट्टी, वर रंगाचा हात, असलं काही कुणालाही करू देऊ नकोस. भोक नसेल तर आतली मातीची नळी फुटली असेल किंवा तिचे सांधे सुटले असतील. शंभर वर्षांहून जुन्या बऱ्याच चिमण्यांत तर ती नळी मुळातच नसते. चिमणीची ओढ चांगली असते तेव्हा भेगेतून धूर बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. ओढ मंदावली की वास येतो. म्हणून तो कधी येतो, कधी नाही, आणि अहोंना ते 'जुन्या घराचं' वाटतं.

हे बाहेरून दिसत नाही, कॅमेरा आत सोडावा लागतो. अमेरिकेतली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन आपल्या २११ क्रमांकाच्या मानकात सांगते की चिमणी दरवर्षी तपासावी, आणि घर विकलं जाताना दुसऱ्या पातळीची, म्हणजे कॅमेऱ्यासकट, तपासणी करावी. घर घेताना आलेल्या इन्स्पेक्टरने टॉर्च मारून बघितलं असेल, ती ही नव्हे. भेग निघाली तर स्टेनलेस स्टीलचा लायनर घालावा लागेल. महाग पडतो, हे आधीच सांगते. पण तुझ्या स्टोव्हचा पाइप सहा इंची आणि विटांचं नळकांडं त्याच्या तिपटीच्या आसपास, त्या पोकळीत धूर गार होऊन रेंगाळतो. मापाचा, उष्णतारोधक वेष्टन असलेला लायनर बसला की ओढही सुधारते, म्हणजे पैसे फक्त भेगेपायी जात नाहीत.

तेव्हा आजपासून स्टोव्ह बंद. घर बॉयलरवर गरम राहतं, स्टोव्ह ही हौस आहे. बाळाला तुमच्या खोलीत झोपवा. चिमणी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाचं प्रमाणपत्र असलेला माणूस शोध, आणि फोनवरच विचार: कॅमेरा घालणार का, चिमणीतली सगळी नळकांडी बघणार का, बॉयलरचंसुद्धा? 'नुसती झाडून देतो' म्हणाला तर दुसरा शोध. जानेवारीत त्यांच्या तारखा लांबच्या मिळतात, म्हणून फोन उद्यावर टाकू नकोस.