गॅस भरण्याआधी गळती शोधा

एकलहऱ्यात गाडी रात्रभर उघड्यावर राहिली की सकाळी बॉनेटवर करडी राख दिसतेच. इथल्या औष्णिक केंद्राचे २१० मेगावॉटचे तीन संच कोळशावर चालतात. हीच राख गाडीच्या एसीतही जाऊन बसते.

आमच्या गाडीचा एसी दर उन्हाळ्यात मान टाकायचा. एक गॅरेजवाला ‘गॅस संपलाय’ म्हणून गॅस भरून द्यायचा; थोड्या दिवसांत हवा पुन्हा कोमट. वास्तविक एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. वर्षाच्या आत कमी पडला तर तो गळतोय, हे नक्की. शेवटी ओळखीच्या एका फिटरने बॅटरीच्या उजेडात कंडेन्सर दाखवला. सगळ्या जाळीवरची राख कोरडी, भुरभुरीत. एका सांध्यापाशी मात्र काळी आणि चिकट. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही फिरतं. गळतीतून ते बाहेर झिरपतं आणि त्यावर धूळ धरते. तिथली छोटीशी ओ-रिंग बदलली आणि दुखणं संपलं.

असा तेलकट डाग तुम्हालाही घरी शोधता येईल. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. आपल्याकडे तो लवकर तुंबतो, म्हणून पुस्तिकेतल्या मुदतीची वाट पाहू नका. रेडिएटरच्या पुढे असलेला कंडेन्सर साध्या पाइपने, हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. इंजिन थंड हवं आणि चावी काढलेली हवी, कारण पंखा अचानक फिरू लागतो.

गॅसच्या नळ्यांना मात्र हात लावू नका. आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. त्याचा फवारा बोटांवर किंवा डोळ्यांत गेला तर इजा कायमची होऊ शकते. बाजारातला डबा चुकून जास्त दाबाच्या बाजूला जोडला तर तो फुटू शकतो. आणि स्वस्तात पडतो म्हणून कुणी स्वयंपाकाचा गॅस भरायला निघाला, तर गाडी तिथून सरळ बाहेर काढा. तो पेट घेतो.

थंडीत हीटर गरम होत नसेल तर आधी कूलंटची पातळी बघा, कारण हीटरची ऊब इंजिनच्या गरम कूलंटमधूनच येते. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं. काचेवर आतून तेलकट धुकं आणि गोडसर वास येऊ लागला तर हीटरचा कोअर गळतोय. ते काम डॅशबोर्ड खोलण्याचं, घरचं नव्हे.

गॅरेजमध्ये गेलात की आधी गळती तपासायला लावा. गॅस भरण्यापूर्वी पंपाने व्हॅक्यूम करा म्हणावं, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस समोर उभं राहून मोजून घ्या.